फाईल तर पोहोचली, मग प्रॉम्प्ट का परत येईना?

चाकणच्या एका कारखान्यात लेबलं छापणाऱ्या यंत्राला जोडलेला एक जुना लिनक्स पीसी आहे. एका शनिवारी दुपारी त्याच्यातली ४० एमबीची लॉग फाईल बाहेर काढायची होती. माझी सहकारी तिथे मशीनसमोर, मी पुण्यात घरी, फोन कानाला. यूएसबी पोर्ट नियमाप्रमाणे सील केलेले. इंटरनेट नाही, फक्त कारखान्याचं आतलं नेटवर्क. तिचा लॅपटॉप त्याच स्विचला जोडायची परवानगी मात्र मिळाली होती.

"सर, एनसी टाकलं तर कमांड नॉट फाउंड म्हणतंय."

"कर्ल?"

"तेही नाही. डब्ल्यूगेट नाही, एससीपी पण नाही."

"बॅश आहे ना?"

"बॅशमध्येच तर टाईप करतेय."

"मग होईल काम."

नेटवर्कवरून फाईल नेणाऱ्या नेहमीच्या त्या चारही आज्ञा नव्हत्या, तरी काम झालं, पण पाऊण तास गेला. आज्ञा एका ओळीची होती, आणि तरीही एवढा वेळ का लागला, हे समजलं की शेलमधून नेटवर्कवर डेटा कसा जातो हे जवळजवळ सगळं समजतं. आज्ञा मी इथेही त्या दिवशी फोनवर सांगितल्या तशाच, उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाईप करताना अर्थातच रोमन अक्षरं.

आधी शेल म्हणजे काय ते बघू. काळ्या खिडकीत आपण जे टाईप करतो ते वाचून प्रोग्रॅम सुरू करून देणारा हा मध्यस्थ. बॅश हे असंच एक शेल. युनिक्स घराण्यातल्या (लिनक्सही त्यातलंच) कुठल्याही प्रोग्रॅमला जन्मतःच तीन दारं मिळतात आणि त्यांना नंबर असतात. ० नंबरच्या दारातून माल आत येतो, १ नंबरमधून बाहेर जातो आणि २ नंबरमधून तक्रारी बाहेर पडतात. गंमत अशी की दाराबाहेर काय आहे हे प्रोग्रॅमला माहीत नसतं आणि त्याला त्याची फिकीरही नसते. बाहेर स्क्रीन असेल, फाईल असेल, दुसरा प्रोग्रॅम असेल. दाराला काय जोडायचं ते शेल ठरवतं. > हे चिन्ह टाकलं की १ नंबरचं दार फाईलला जोडलं जातं, < टाकलं की ० नंबरचं. उभी रेघ म्हणजे पाईप टाकला की एकाचं बाहेरचं दार थेट दुसऱ्याच्या आतल्या दाराला.

पाईप हे नाव उगाच पडलेलं नाही. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात म्हटलं होतं की प्रोग्रॅम बागेतल्या रबरी पाईपसारखे एकमेकांना जोडता यायला हवेत, लागेल तसा पुढचा तुकडा बसवायचा. प्रत्यक्षात ते यायला नऊ वर्षं गेली. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाईप बसवला.

आता या रबरी पाईपचं दुसरं टोक शेजारच्या प्रोग्रॅमऐवजी पलीकडच्या मशीनमध्ये असेल तर? तसं टोक १९८३ पासून उपलब्ध आहे. त्या वर्षी बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये सॉकेट आलं. सॉकेट उघडलं की प्रोग्रॅमच्या हातात पुन्हा एक नंबरच पडतो, ३ म्हणा किंवा ४, आणि त्या नंबरावर फाईलसारखंच लिहायचं, फाईलसारखंच वाचायचं. म्हणजे शेलसाठी नवीन काहीच नाही, आणखी एक दार एवढंच. फक्त ते दार उघडून देणारं कुणीतरी हवं.

नेहमी ते काम नेटकॅट करतो. कॅट ही फाईलमधला मजकूर बाहेर ओतणारी जुनी आज्ञा, आणि तेच नेटवर्कवर करणारा म्हणून नेटकॅट, आज्ञा एनसी. हॉबिट या टोपणनावाच्या लेखकाने तो १९९५ मध्ये बाहेर आणला. ० नंबरच्या दारातून जे येईल ते कनेक्शनवर टाकायचं आणि कनेक्शनवरून जे येईल ते १ नंबरच्या दारातून बाहेर काढायचं, एवढाच त्याचा उद्योग. त्यात काय आहे, फोटो की पगारपत्रक, त्याला देणंघेणं नाही.

चाकणच्या मशीनवर तो नव्हता, पण तिच्या लॅपटॉपवर होता. म्हणून ऐकण्याचं काम लॅपटॉपला दिलं:

एनसी -एल ९००० > लॉगप्रत

एल म्हणजे लिसन. इथे फोनचं उदाहरण चपखल बसतं, तेच पुढेही वापरतो. आयपी पत्ता म्हणजे ऑफिसच्या बोर्डाचा नंबर, पोर्ट म्हणजे एक्स्टेन्शन. पोर्टचे आकडे ० ते ६५५३५ असतात. १०२४ च्या खालचे युनिक्स परंपरेत रूट म्हणजे मशीनच्या मालकासाठी राखीव, म्हणून आपण ९००० सारखा वरचा एखादा मोकळा नंबर घ्यायचा. एकाने त्या एक्स्टेन्शनवर बसून राहायचं, दुसऱ्याने फोन लावायचा. नवशिक्यांचा इथे हमखास एक गोंधळ होतो, की जो ऐकतो त्यालाच फाईल मिळते. तसं काही नाही. फोन लागल्यावर दोघंही बोलू शकतात. ऐकणाऱ्यानेच फाईल हातात धरून बसावं आणि जो फोन लावेल त्याला ती वाचून दाखवावी, असंही चालतं.

आणि मशीनवर, जिथे नेटकॅट नव्हता, तिथे ही ओळ:

कॅट यंत्र.लॉग > /डेव्ह/टीसीपी/१९२.१६८.५.२०/९०००

वरवर बघता ही ओळ एका फाईलमधला मजकूर दुसऱ्या फाईलमध्ये ओततेय. पण डेव्ह या फोल्डरमध्ये टीसीपी नावाची वस्तू शोधायला जाल तर सापडणार नाही. ती नाहीच. बॅशला > च्या पुढे हा ठरावीक पत्ता दिसला की तो फाईल उघडायला जातच नाही. स्वतः सॉकेट उघडतो, पुढचा भाग मशीनचा पत्ता समजतो, शेवटचा आकडा पोर्ट समजतो, फोन लावतो आणि कॅटचं १ नंबरचं दार त्या कनेक्शनला जोडून देतो. कॅटला पत्ताही लागत नाही. ही युक्ती बॅशने कॉर्न शेलकडून उचलली.

बॅशने, हे लक्षात ठेवा. हीच ओळ डेबियन किंवा उबुंटूवर एसएच म्हणून चालवलीत तर तिथे खरं म्हणजे डॅश नावाचं दुसरंच छोटं शेल असतं. ते भाबडेपणाने खरोखरची फाईल शोधायला जातं आणि असा फोल्डरच नाही म्हणून तक्रार करतं. मॅकवर २०१९ पासून झेडशेल हे मूळ शेल आहे, त्यालाही हा पत्ता कळत नाही. तिथे आधी बॅश सुरू करायचा. स्क्रिप्ट एका मशीनवर चालते आणि दुसऱ्यावर रुसते, त्याचं कारण बऱ्याचदा इतकंच असतं.

तर, तिने ओळ टाईप केली, एंटर मारलं.

"सर, कनेक्शन रिफ्यूज्ड."

"लॅपटॉपवर एनसी चालू केलंस?"

"... करते."

कनेक्शन रिफ्यूज्ड ऐकून लोक खचतात. मला उलट बरं वाटतं. कनेक्शन कसं जुळतं ते बघा. फोन लावणारा म्हणतो, "हॅलो, ऐकू येतंय का?" पलीकडचा म्हणतो, "हो, येतंय. तुला येतंय का?" पहिला म्हणतो, "येतंय, बोल." टीसीपीमध्ये, म्हणजे नेटवर्कवर कनेक्शन जोडून डेटा नेण्याच्या नियमांमध्ये, शब्दशः हेच तीन निरोप जातात, सिन, सिन-अ‍ॅक आणि अ‍ॅक, आणि मगच खरा डेटा सुरू होतो. पहिल्या हॅलोवर पलीकडच्या मशीनने "या एक्स्टेन्शनला कुणी बसलेलं नाही" असं सांगितलं तर ते रिफ्यूज्ड. म्हणजे पत्ता बरोबर, वायर बरोबर, मशीन जिवंत, फक्त त्या पोर्टवर कुणी नाही. तीन चतुर्थांश निदान त्या दोन शब्दांत झालं.

वाईट असते ती शांतता. तिने लॅपटॉपवर एनसी सुरू केलं, मशीनवर पुन्हा ओळ चालवली, आणि काहीच नाही. एरर नाही, प्रॉम्प्ट, म्हणजे पुढची आज्ञा टाका असं सांगणारं शेलचं चिन्ह, तेही नाही. दोन मिनिटांनी टाइम्ड आउट. हा जवळपास दोन मिनिटांचा आकडा कुठून येतो? सिनला उत्तर आलं नाही की लिनक्स पुन्हा हाक मारतं, आणि दर वेळी आधीच्या दुप्पट थांबतं: १, २, ४, ८, १६, ३२, ६४ सेकंद. बेरीज १२७. त्या मशीनवरचं लिनक्स असं मोजत होतं. नव्या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, हिशेब थोडा बदललाय. उत्तर मुळीच न येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फायरवॉल. हाक ऐकतो, पण हो-नाही काहीच बोलत नाही, निरोप गिळून टाकतो. तिच्या लॅपटॉपवर कंपनीने बसवलेला फायरवॉल होता, ऐकायला बसलेल्या अनोळखी प्रोग्रॅमलाच अडवणारा, म्हणून एनसी नसताना रिफ्यूज्ड आलं आणि एनसी सुरू झाल्यावर शांतता. ९००० नंबरचं पोर्ट तात्पुरतं उघडायला आयटी विभागाच्या माणसाला शोधण्यात वीस मिनिटं गेली. शनिवार दुपार होती, तो जेवत होता.

थोडक्यात, रिफ्यूज्ड आलं तर पलीकडचा प्रोग्रॅम बघा, शांतता असेल तर मधली वाट बघा. आणि तुम्ही हे घरून मित्राच्या घरी करून बघत असाल तर शांतता जवळपास ठरलेलीच. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या राऊटरपुरते असतात, महाराष्ट्रात लाखो घरांत तोच पत्ता कुठल्या ना कुठल्या लॅपटॉपला आहे. बाहेरून आलेला फोन राऊटरपाशीच थांबतो. आत कुणाला द्यायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हे सगळं वाचण्यापेक्षा एकदा करून बघा. एकाच लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडा. एकीत एनसी -एल ९०००, दुसरीत एनसी १२७.०.०.१ ९०००. हा पत्ता म्हणजे मशीनचा स्वतःलाच फोन. आता एका खिडकीत काहीही टाईप करून एंटर मारा, दुसरीत उमटेल. उलटही. नेटकॅटच्या काही आवृत्त्यांना ऐकताना -एल -पी ९००० असं सांगावं लागतं, आणि एनमॅप हे नेटवर्क तपासायचं साधन बनवणाऱ्यांचा एनकॅट नावाचा आणखी एक भाऊ आहे. एका नावाचे तीन-चार प्रोग्रॅम आणि प्रत्येकाचे स्वभाव निराळे. आपल्याकडे कोणता आहे हे आधी बघून घेतलेलं बरं.

मग फाईल पाठवून बघा. पहिल्या खिडकीत एनसी -एल ९००० > प्रत, दुसरीत एनसी १२७.०.०.१ ९००० < मूळ. फाईल क्षणात पोहोचेल. पण बऱ्याच मशीनवर दोन्ही खिडक्या तशाच लटकून राहतील. प्रॉम्प्ट परत येत नाही. पोहोचली की नाही? झालं की चालू आहे? दहा वर्षांपूर्वी मी याच जागी रात्रीचे दोन तास घालवलेत, फाईल केव्हाच पोहोचली असताना.

शेलमधून डेटा पाठवण्यातली खरी अवघड गोष्ट हीच. पाठवणं सोपं आहे. "संपलं" हे सांगणं अवघड आहे.

आपण फोन कसा ठेवतो आठवा. "चल, ठेवू का?" "हो, ठेव." "ठेवतो मग." दोघांचं ठरल्याशिवाय फोन संपत नाही, आणि "ठेवू का" म्हटल्यावरही पलीकडची मावशी आणखी दहा मिनिटं बोलू शकते. टीसीपीत अगदी असंच आहे. एका बाजूने फिन हा निरोप पाठवला की त्याचा अर्थ इतकाच की माझं बोलून झालं. पलीकडचा पुढे बोलत राहू शकतो आणि यानेही ऐकत राहायचं असतं. दुसऱ्या बाजूचंही फिन आलं की मग कनेक्शन मिटतं. आता नेटकॅटचं बघा. मूळ फाईल संपली, ० नंबरच्या दारातून येणं थांबलं. पण नेटकॅटचा विचार असा, की माझं बोलून झालं म्हणून काय झालं, पलीकडून अजून उत्तर येईल. म्हणून तो फिन पाठवतच नाही, नुसता थांबतो. पलीकडच्याला वाटतं हा अजून बोलेल. तोही थांबतो. दोघंही सभ्य, आणि सभ्यतेपायी दोघंही अडकलेले.

ओपनबीएसडीच्या नेटकॅटला -एन, मोठा एन, दिला की आतला माल संपताच तो फिन पाठवतो. जुन्या नेटकॅटला -क्यू ० द्यायचं. बॅशच्या त्या ओळीला यातलं काहीच लागत नाही, कारण कॅट संपला की त्याची तिन्ही दारं ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः बंद करते, आणि ज्या दाराला सॉकेट जोडलेलं होतं ते बंद होणं म्हणजेच फिन जाणं. या एका बाबतीत नसलेल्या साधनावर केलेली जुगाडी ओळ खऱ्या साधनापेक्षा शहाणी निघते.

बोलून लगेच फोन ठेवणारा सर्व्हर बघायचा असेल तर इंटरनेट असलेल्या मशीनवर कॅट < /डेव्ह/टीसीपी/टाइम.एनआयएसटी.गव्ह/१३ चालवा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ही डेटाइम नावाची जुनी सेवा वर्षानुवर्षं चालवली आहे. एक ओळ येते आणि कनेक्शन बंद. ओळीच्या सुरुवातीला पाच आकडी संख्या असते. ती म्हणजे १७ नोव्हेंबर १८५८ पासून उलटलेले दिवस, खगोलशास्त्रज्ञांची दिनगणना. मग तारीख, मग वेळ. वेळ जागतिक असते, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली. चार सेकंदांत एकापेक्षा जास्त वेळा विचारू नका अशी त्यांची विनंती आहे, तेवढी पाळा.

वेबचं थोडं निराळं. तिथे आधी आपण बोलायचं, मग ऐकायचं, म्हणजे दार दोन्हीकडे उघडणारं हवं. बॅशमध्ये ते असं उघडतात:

एक्झेक ३<>/डेव्ह/टीसीपी/एक्झाम्पल.कॉम/८०

आता ३ नंबरचं दार कनेक्शनला जोडलेलं आहे आणि शेल बंद होईपर्यंत किंवा आपण बंद करेपर्यंत ते उघडं राहील. त्यात प्रिंटएफ या मजकूर छापणाऱ्या आज्ञेने तीन ओळी टाकायच्या. पहिली: हेड, स्पेस, एक स्लॅश, स्पेस, एचटीटीपी/१.१. दुसरी, होस्ट म्हणून साईटचं नाव. तिसरी, कनेक्शन: क्लोज. मग एक रिकामी ओळ. आणि मग कॅट <&३ म्हणून उत्तर वाचायचं. ब्राउझर रोज हजारदा जे करतो ते तुम्ही हाताने केलंत.

यात दोन जागी पाय घसरतो. पहिली जागा ओळीचा शेवट. युनिक्समध्ये ओळ एका अक्षराने संपते, \एन. एचटीटीपीला, म्हणजे वेबच्या बोलीला, दोन लागतात, \आर\एन. जुन्या टेलिटाईपच्या काळातला हा वारसा: \आर म्हणजे गाडी डावीकडे परत ने, \एन म्हणजे कागद एक ओळ वर सरकव. तो कागद गेला, ती गाडी गेली, नियम राहिला. दुसरी जागा ती रिकामी ओळ. ती टाकली नाही तर सर्व्हर थांबून राहतो, कारण त्याच्या दृष्टीने तुमचं बोलणं संपलेलंच नाही. आणि "कनेक्शन: क्लोज" ही ओळ गाळली तर उत्तर येतं, पण कॅट लटकतो. सर्व्हर फोन ठेवत नाही, पुढचा प्रश्न येईल म्हणून वाट बघतो. मग ब्राउझर कसा लटकत नाही? कारण उत्तराच्या आधीच सर्व्हर सांगतो की मी इतकी बाइट पाठवणार आहे, आणि ब्राउझर मोजत बसतो. आपला कॅट मोजत नाही.

ईमेलने तिसराच मार्ग काढला. पोर्ट २५ वर पत्र पाठवताना मजकूर संपला हे सांगायला एका ओळीत फक्त एक टिंब टाकायचं. मग पत्रातच कुणी एकटं टिंब लिहिलं तर? म्हणून नियम असा की टिंबाने सुरू होणाऱ्या ओळीच्या आधी आणखी एक टिंब लावायचं, घेणारा ते काढून टाकतो. संपलं हे सांगण्यासाठी माणसांनी काय काय केलंय!

कनेक्शनमधून जातो तो बाइटींचा सलग प्रवाह, सुटे निरोप जात नाहीत, हेही इथेच सांगून टाकतो. तुम्ही दोन ओळी पाठवल्या तर पलीकडे त्या एका घोटात येतील, किंवा पहिली ओळ अर्धी येईल आणि उरलेली नंतर. साध्या इथरनेटवर एका पाकिटात टीसीपीचा जास्तीत जास्त १४६० बाइट माल मावतो, त्यामुळे मोठ्या फाईलचे तुकडे होणारच. टीसीपी फक्त क्रम राखतं आणि हरवलेलं पुन्हा मागवतं. कुठे तोडायचं हे ठरवण्याची जबाबदारी तुमची.

आणि पलीकडचा हळू असला तर? पन्नास जीबीची फाईल पाईपमधून निघालीय आणि घेणाऱ्याची डिस्क म्हातारी आहे. काही बिघडत नाही. लिनक्सचा पाईप सहसा ६४ किलोबाइटचा असतो. तो भरला की लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला ऑपरेटिंग सिस्टिम जागच्या जागी थांबवून ठेवते, जागा झाली की सोडते. नेटवर्कवरही तसंच, घेणारा "माझ्याकडे इतकीच जागा आहे" असं सतत सांगत असतो. खालची तोटी बारीक केली की वरपर्यंत पाणी तुंबतं, तसा हा दाब मागे मागे येत थेट मूळ प्रोग्रॅमपर्यंत पोहोचतो. कुणी एक ओळ कोड लिहायला लागत नाही. मला युनिक्समधली ही सर्वात देखणी गोष्ट वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

बॅशमध्ये टीसीपीच्या जागी यूडीपी लिहिलं तरी ओळ चालते. पण यूडीपी म्हणजे खिडकीतून मारलेली हाक. कनेक्शन नाही, हॅलो नाही, ठेवू का नाही. एरर आला नाही याचा अर्थ पोहोचलं असा होत नाही, पलीकडचं मशीन बंद असलं तरी येत नाही. लॉगच्या सुट्या ओळी पाठवायला ठीक. फाईलसाठी नको.

आता कटू भाग. वर सांगितलेलं सगळं उघड्या पोस्टकार्डावर जातं. मधल्या कुणालाही वाचता येतं. कारखान्यातल्या एका स्विचवर, परवानगी घेऊन, लेबल यंत्राची लॉग फाईल, इथवर ठीक. इंटरनेटवरून नाही, आणि पासवर्ड असलेली फाईल तर घरच्या वायफायवरही नाही. एसएसएच, म्हणजे सगळं कुलूपबंद करून दुसऱ्या मशीनवर काम करू देणारा प्रोग्रॅम, त्याचा जन्मच यातून झाला. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातल्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून वाचले, म्हणून १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी तो लिहिला. टेलनेटचं पोर्ट २३, एफटीपीचं २१, त्या दोन जुन्या उघड्या साधनांची जागा घ्यायची म्हणून त्यांनी मधलं २२ मागून घेतलं. एसएसएचलाही तीच तीन दारं आहेत, म्हणून टार सीएफ - फोल्डर | एसएसएच मशीन 'टार एक्सएफ -' असं लिहिलं की अख्खं फोल्डर इकडे बांधलं जातं, कुलूप लावून जातं आणि तिकडे उलगडतं. मध्ये कुठेही तात्पुरती फाईल बनत नाही. एसएसएच असेल तर हेच वापरा. बाकी सगळं नाइलाजाचं.

कुलूप लावलेल्या वेब सर्व्हरशी, म्हणजे पोर्ट ४४३ शी, बॅशचं ते दार बोलू शकत नाही. त्यासाठी ओपनएसएसएल एस_क्लायंट ही आज्ञा. त्याची एक खोड सांगतो: त्यात हाताने टाईप करताना ओळ मोठ्या क्यू अक्षराने सुरू झाली की तो बंद होतो आणि मोठ्या आरने सुरू झाली की पुन्हा नव्याने हस्तांदोलन करायला जातो. ईमेलची "आरसीपीटी" ही आज्ञा नेमकी आरने सुरू होते! ती लहान अक्षरात लिहा, किंवा -क्वाएट द्या.

आणि ऑफिसच्या सर्व्हरवर हे करून बघण्याआधी सुरक्षा विभागाला सांगा. एखाद्या मशीनमध्ये घुसलेला चोर याच टीसीपीच्या पत्त्याला शेलची तिन्ही दारं जोडून बाहेर बसून आज्ञा देतो, त्यामुळे अनेक ठिकाणी असा पत्ता दिसला की अलार्म वाजतो. तुमचा हेतू अलार्मला कळत नाही.

चाकणमध्ये पोर्ट उघडल्यावर ओळ एका सेकंदात चालली. दोन्हीकडे प्रॉम्प्ट परत आला. मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी एसएचए२५६सम काढ, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारी तिची बेरीज. त्यातून ६४ अक्षरं येतात, सगळी फोनवर वाचण्यात अर्थ नसतो, पहिली आठ आणि शेवटची आठ पुरतात.

"सर, जुळत नाहीत. आपली फाईल खराब गेली."

"आकार बघ दोन्हींचा."

मशीनवरची फाईल मोठी होती, काही शे बाइटने. दोन क्षण दोघंही गप्प. मग मागून लेबल छापण्याचा आवाज ऐकू आला. यंत्र चालूच होतं, आणि दर लेबलागणिक लॉगमध्ये एक ओळ भरत होतं. आमची प्रत निघाली तेव्हाची फाईल आणि तिने बेरीज काढली तेव्हाची फाईल, या दोन वेगळ्या फायली होत्या.

तिने आधी टीएमपी या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये प्रत काढली, तीच पाठवली. या वेळी सोळाच्या सोळा अक्षरं जुळली.

"टीएमपीतली काढून टाकू ना?"

"टाक. आणि आयटीवाल्यांना सांग, पोर्ट बंद करा म्हणावं."